चहा निवेपर्यंत

"तिच्या शेजारी नुसतं बसायचं. काही विचारायचं नाही," अनुपमा मॅडम म्हणाल्या, आणि शाळेने या वेळी मुलीला नव्हे तर आपल्यालाच न झेपणारा अभ्यास दिला आहे, हे विद्याधर सबनीसच्या लक्षात आलं.

विद्याधर एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात होता. तिथे विचारण्याचाच पगार मिळतो. अपघात कधी झाला, गाडी कोण चालवत होतं, कुत्रा आडवा आला तर कुठल्या बाजूने आला, त्या कुत्र्याला तुम्ही आधीपासून ओळखत होता का. दिवसभर हे करून माणूस मुलुंडला घरी येतो तेव्हा जीभ काही ऑफिसात ठेवून येत नाही. "डबा खाल्लास? का नाही खाल्लास? भाजी कोणती होती? मग टाकलीस कुठे?" असा तपास रोज संध्याकाळी चाले. गंधाली आठवीत गेल्यापासून तिची उत्तरं "हो", "नाही" आणि "बघू" एवढ्यावर आली होती. गणपतीनंतर "बघू"सुद्धा बंद झालं. आणि सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरवर तिने फक्त स्वतःचं नाव लिहिलं. नाव बरोबर होतं. पण त्याला मार्क नव्हते.

म्हणून शाळेच्या 'आधार कक्षा'तून बोलावणं आलं. आधार कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनच दिवस यायच्या, उरलेले दिवस खोली कॅरमबोर्डांना परत जायची. विद्याधरने जाताना तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाचं कार्ड नेलं होतं. मॅडमनी यातलं काहीच बघितलं नाही.

"तुम्ही कसे आहात?" त्यांनी विचारलं.

"मी ठीक आहे. आपण मुद्द्यावर येऊ."

"झोप लागते?"

"लागते. मॅडम, विज्ञानाचं काय करायचं?"

मॅडमनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ही नवीन पद्धत असणार, आधी पालकाला बोलतं करतात, असं विद्याधरला वाटलं. मग ते 'नुसतं बसा'चं निघालं.

"रोज थोडा वेळ," मॅडम म्हणाल्या.

"थोडा म्हणजे नक्की किती?"

"चहा निवेपर्यंत समजा."

"कपातला की ग्लासातला?"

"सबनीस," मॅडम म्हणाल्या, "दोघांनी मनापासून केलं ना, तर फरक पडेल."

दोघांनी म्हणजे आपण आणि बायको नीला, असं धरून विद्याधर घरी आला.

पहिला प्रयोग सोफ्यावर झाला. गंधाली मोबाइल बघत होती. विद्याधर शेजारी जाऊन बसला. काही वेळाने म्हणाला, "दप्तर जड दिसतंय."

"हा प्रश्न झाला," नीला स्वयंपाकघरातून म्हणाली. एका बेडरूमच्या घरात स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं, सगळं दिसतं आणि सगळ्यावर मत देता येतं.

"मी फक्त सांगितलं."

"तुझी भुवई वर गेली होती."

दुसऱ्या दिवशी त्याने भुवया सांभाळल्या, तर नीलाने मिक्सर लावला. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला आणि स्पीकरवर मावशीने गंधालीला एका दमात तेवढे प्रश्न विचारले, जेवढे विद्याधरने तीन दिवसांत गिळले होते. गंधाली उठली. "मी जिन्यात बसते," म्हणाली आणि दार ओढून गेली. ते त्या आठवड्यातलं तिचं सर्वांत लांब वाक्य होतं.

आता जिन्याचं सांगायला हवं. 'मनोकामना' सोसायटीला लिफ्ट नाही. पुनर्विकासात येणार आहे, आणि पुनर्विकास गेली बारा वर्षं पुढच्या दसऱ्याला सुरू होतोय. सबनीस तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे जिना वळतो तिथे एक चौकोनी जागा आहे, जाळीची खिडकी आहे आणि मनात आलं तर लागणारी ट्यूबलाइट आहे. विद्याधरचे वडील, आप्पा, दुपारी खाली चक्कर मारून येताना तिथे दम खायला बसत. त्यासाठी एक लोखंडी घडीची खुर्ची कायम भिंतीला टेकवून ठेवलेली असे. त्याच वेळी गंधालीची शाळा सुटायची. ती खालच्या पायरीवर बसून इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायची, कारण आप्पांचे डोळे गेले होते. आप्पा मधेच "हा राजा मला पटत नाही" म्हणायचे. दोघं वर येत तेव्हा आप्पांचा दम बसलेला असे आणि हिचा गृहपाठ झालेला असे. 'जिन्यात खुर्ची ठेवू नये' अशी नोटीस सेक्रेटरी चंद्रप्रकाश नाबर दर तिमाहीला लावत. आप्पा ती गंधालीकडून वाचून घेत आणि "भाषा सुधारलीय" म्हणत.

जूनमध्ये आप्पा गेले. दिवस झाल्यावर विद्याधरने खुर्ची भंगारवाल्याला दिली. घरात अडगळ नको, म्हणाला. आणि तेव्हापासून तो तेवढा एक जिना दोन-दोन पायऱ्या टाकत पळत चढायचा. तब्येतीसाठी. डॉक्टरांनी सांगितलंय, असं तो म्हणायचा. कुठल्या डॉक्टरांनी, हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण विचारण्याचं खातं घरात त्याच्याकडेच होतं.

तर गंधाली त्या वळणावर जाऊन बसली आणि विद्याधर चहाचा कप घेऊन तिच्या मागोमाग. त्याला तिथे बसवेना. तो कठड्याला टेकून, पाठ जाळीकडे करून, कुठल्याही क्षणी निघायचं असल्यासारखा उभा राहिला. पण पोरगी उठून गेली नाही. एकदा तिने कपाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. तेवढ्यावर विद्याधरला वाटलं की जमतंय.

इथपर्यंत ठीक होतं. पण आपल्याकडे माणूस जिन्यात काही न करता बसलेला दिसला, की इमारतीला ते सहन होत नाही.

"किल्ली विसरलात?" पहिल्या दिवशी जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी घरात पाणी तुंबलंय का, नळवाला पाठवू का, अशी विचारणा झाली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीकाकू, निवृत्त मुख्याध्यापिका, पोह्यांची बशी घेऊन आल्या. ती त्यांनी विद्याधरच्या हातात दिली, गंधालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर जाऊन नीलाला म्हणाल्या, "एवढं ताणू नये गं. नवरा म्हणजे चुकणारच. पण लेकराला तरी आत घे."

"काकू, मी कोणाला बाहेर काढलेलं नाही."

"अगं, मला नको सांगूस. मी चाळीस वर्षं शाळा चालवलीय."

तळमजल्यावरचे काशीराम घाडी गिरणीतून रिटायर झालेले. ते पिशवी घेऊन वर चालले होते, थांबले. "काय ओ सबनीस, घरात चाय गावना नाय?"

"घरचीच आहे."

"मग भायर कित्याक पितास?"

"असंच. बसलोय."

"तुम्ही उभे आसात," काशीराम म्हणाले आणि गेले.

आठवड्याच्या शेवटी नोटीस लागली. 'जिना हा सभासदांच्या ये-जा करण्यासाठी असून बसण्यासाठी अथवा चहापानासाठी नाही. आगीच्या प्रसंगी अडथळा झाल्यास संबंधित जबाबदार राहतील.' कोणाचं नाव नव्हतं, पण जिन्यात चहापान करणारं कुटुंब इमारतीत एकच होतं. विद्याधरचा स्वाभिमान दुखावला. जो माणूस लोकांचे जळलेले कारखाने तपासतो, त्याला आगीबद्दल नाबर शिकवणार. त्याने सोसायटीला उत्तर लिहायला घेतलं आणि इथे त्याच्या हातून मोठी चूक झाली. 'मी मुलीजवळ बसतो' असं लिहिणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने वर विषय घातला: 'विद्यार्थी शैक्षणिक व भावनिक आधार उपक्रम'.

मराठी माणसाला उपक्रम हा शब्द दाखवू नये.

नाबर त्याच संध्याकाळी घरी आले. चौथ्या मजल्यावरून उतरून आले, तरी दम लागला होता. "सबनीस, आधी का नाही बोललात? सोसायट्यांच्या फेडरेशनकडून उपक्रमशील सोसायटीला बक्षिसाची ढाल असते. आपल्याकडे फक्त पूजा आणि पाणीकपात आहे. हे झकास आहे."

"नाबर, तो उपक्रम नाही. मी नुसता बसतो."

"तेच. नुसतं बसण्याचा उपक्रम. एकदम नवीन. खालचा हॉल घेऊ. रविवारी उद्घाटन."

विद्याधरने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण समितीचा ठराव तोवर झाला होता. शिवाय हॉलमध्ये बसलं तर जिन्यात उभं राहावं लागणार नाही, असा एक भित्रा विचार त्याच्या मनात येऊन गेला. हे त्याने नीलालाही सांगितलं नाही.

मग गाडी उताराला लागली. पालक खूश झाले, कारण जिथे पोरं गप्प बसतात असा क्लास मुलुंडमध्ये दुसरा नव्हता. नुसतंच बसण्यापेक्षा बसल्या बसल्या गणितं सोडवावीत, अशी सूचना आली. मग शांततेला मार्क असावेत अशी आली. एका आईने आपला मुलगा शांततेत कितवा येतो ते आधी सांगा म्हणून धरणंच धरलं. सुहासिनीकाकूंना अध्यक्ष केलं. नाबरांनी विद्याधरला मेसेज केला, 'गंधालीचा एक फोटो पाठवा.' विद्याधर तेव्हा ऑफिसात एका बुडालेल्या ट्रकच्या प्रकरणात होता. जो माणूस कुत्र्याचीही चौकशी करतो, त्याने 'कशाला?' एवढं विचारलं नाही. शाळेच्या ओळखपत्राचा फोटो पाठवून दिला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. समई पेटवायला पंखा बंद केला, तो पुन्हा चालू झाला नाही. सुहासिनीकाकूंनी मौनाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. ते इतकं लांबलं की पुढच्या रांगेतल्या एका पोराने मौन सोडून "संपलं का?" असं विचारलं. त्याचे दोन मार्क कापले. मग नाबर बोलले, मग फेडरेशनचे पाहुणे बोलले, मग आभार झाले, आभारात विसरलेल्यांची नावं पुन्हा घेऊन झाली. नुसतं बसण्याला वेळ उरला नाही. ते पुढच्या रविवारी घेऊ, असं ठरलं.

हॉलमधून बाहेर पडताना विद्याधरला गेटवरचा बॅनर दिसला. पाच फूट रुंद. 'शांततेतून प्रगतीकडे.' खाली नाबर, काकू आणि समितीचे हात जोडलेले फोटो. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, ओळखपत्रातला चेहरा: 'उपक्रमाची पहिली लाभार्थी, कु. गंधाली विद्याधर सबनीस.'

गेटसमोर शाळेच्या बसचा थांबा आहे.

गंधाली बॅनरसमोर उभी होती. रडली नाही, चिडली नाही. तिने तो वाचला, खालच्या प्रिंटरच्या फोन नंबरापर्यंत वाचला. मग वळून जिना चढायला लागली. विद्याधर मागून धावला. दुसऱ्या मजल्याच्या वर पोचला तेव्हा तिची पाठ दिसली. त्या वळणावरून ती न थांबता, दोन-दोन पायऱ्या टाकत पळत वर गेली.

हे पळणं त्याच्या ओळखीचं होतं. पण तेव्हा त्याने तो विचार पुढे नेला नाही.

सोमवारी ती बसने गेली आणि आल्यावर बेडरूमचं दार लावून घेतलं. मंगळवारी चहा तिच्या दाराबाहेर निवला. "हो" आणि "नाही"ही संपलं. विद्याधर दाराबाहेर स्टुलावर बसला, आतून पंख्याचा आवाज येत होता. नीला बाजूला येऊन उभी राहिली. तीही काही बोलली नाही. नीलाने न बोलणं ही त्या घरात फार वाईट खूण होती.

बुधवारी ऑफिसला निघण्याआधी विद्याधरने नाबरांना गाठलं. "बॅनर काढा."

"ठरावाने लावलेला आहे. ठरावाने काढावा लागेल. पुढची सभा पंचवीस तारखेला."

"माझ्या मुलीचा फोटो आहे त्यावर."

"म्हणूनच तर सगळे बघतायत," नाबर मनापासून म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच आनंद झाला होता.

शाळेची बस यायच्या आत काढायचा, म्हणून विद्याधरने अर्धी रजा टाकली आणि दुपारी वॉचमनचं स्टूल मागितलं. स्टुलाचा एक पाय दुसऱ्या लाकडाचा होता. त्याने एका बाजूची दोरी सोडली, दुसऱ्या बाजूची ओढली. बॅनर आला. बॅनरबरोबर तोही आला. खाली पडल्यावर पाच फुटी मनोकामना समितीने त्याला हात जोडून झाकून टाकलं.

घोट्याला प्लास्टर घालून झालं. स्वतःच्या कंपनीला कळवणं भाग होतं. फोनवर त्याचाच ज्युनिअर, मुकुल, होता.

"अपघात नेमका कसा झाला, सर?"

"बॅनर काढताना."

"कसला बॅनर?"

"शांततेचा."

"सर, तुम्ही तिथे का होतात?"

विद्याधरला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. वीस वर्षांत असे गप्प बसलेले लोक त्याने कितीतरी बघितले होते. त्यांच्या फाइलवर तो 'दावेदार टाळाटाळ करतो' असं लिहायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून त्याला घरी आणलं. खाली रिक्षातून उतरल्यावर लक्षात आलं की लिफ्ट पुनर्विकासात आहे. एका बाजूने नीला, दुसऱ्या बाजूने काशीराम. पहिला मजला झाला, दुसरा झाला. मग त्या वळणावर विद्याधरला दम लागला आणि तो म्हणाला, "मला इथे थांबू दे."

त्या जागेवर तो जूननंतर पहिल्यांदा बसणार होता, आणि तेही नाइलाजाने.

काशीराम खाली गेले आणि काहीतरी खणखणत घेऊन आले. लोखंडी घडीची खुर्ची होती. "भंगारवाल्याक दिलात ना, ती मी त्याच्याकडसून परत घेतलंय. बसाक बरी आसा." त्यांनी ती उघडून भिंतीशी ठेवली, जिथे असायची तिथे, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

विद्याधर बसला. नीला चहा टाकायला वर गेली. जाळीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं दिसत होतं. आप्पांना ते दिसत नव्हतं. त्यांना फक्त उजेड कळायचा. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली आणि तिने बेत रद्द केला.

खालून पावलं आली. गंधाली. गेटवरचा बॅनर गेलेला तिने कालच बघितला असणार. ती वळणावर आली, प्लास्टर बघितलं, खुर्ची बघितली. मग दप्तर उतरवून खालच्या पायरीवर बसली.

विद्याधरच्या घशाशी प्रश्नांची रांग लागली. बसमध्ये कोण काय म्हणालं, जेवलीस का, रागावली आहेस का, मला माफ करशील का. त्याने भुवया खाली ठेवल्या. नीला दोन कप आणून ठेवून वर गेली. खालून सुहासिनीकाकूंच्या फोडणीचा वास आला. चहावर साय धरली.

"निवला," शेवटी विद्याधर म्हणाला.

"माझा पण."

कोणी उठलं नाही.

"मॅडमनी मला हेच सांगितलेलं," गंधाली म्हणाली. ती जाळीकडे बघत होती. "बाबाजवळ बसायचं. चहा निवेपर्यंत. काही विचारायचं नाही."

विद्याधरच्या तोंडून 'म्हणजे?' निघता निघता राहिलं.

"मॅडमनी नव्हतं बोलावलं मला. मीच गेलेले आधी. त्यांच्या दारावर लिहिलंय, कोणाची काळजी वाटत असेल तर या. मला वाटायची." तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली. "आप्पा गेल्यापासून तू इथून पळतोस. मी बघते ना वरून. आणि घरात आलास की लगेच विचारायला लागतोस. म्हणजे तुला कोणी काही विचारायला नको."

इतक्या थोडक्यात इतका स्वच्छ दावा विद्याधरच्या टेबलावर कधी आला नव्हता. त्याला त्यात एकही त्रुटी काढता येईना. म्हणजे गेले कितीतरी दिवस तो तिच्या उपचारासाठी चहा घेऊन येत होता, आणि ती त्याच्या उपचारासाठी तिथे बसत होती, आणि त्या दोन उपचारांच्या मधे नाबरांनी सतरंजी अंथरली होती.

"आप्पांच्या चपला अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत," तो म्हणाला. "हॉस्पिटलमधून दिल्या होत्या. वर आणायला जमलं नाही."

"माहितीये," गंधाली म्हणाली. "हेल्मेट काढताना दिसतात."

मग तो रडला. जिन्यात, प्लास्टरमधला पाय पुढे करून, फारसा आवाज न करता. ती उठली नाही. फक्त पायरीवरून सरकून खुर्चीच्या पायाला टेकून बसली, पूर्वी धडा वाचायला बसायची तशी.

नेमके नाबर खालून आले. हातात बॅनरची गुंडाळी होती. त्यांनी बाप बघितला, मुलगी बघितली आणि मग खुर्ची बघितली.

"सबनीस, काय चाललंय?"

"काही नाही. बसलोय."

नाबरांनी खुर्चीबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण अडीच जिने चढून आल्यामुळे त्यातून आधी नुसता वारा आला. त्यांनी कठडा धरला. शब्द यायची वाट बघितली. ते आले नाहीत, तेव्हा मान हलवून ते सावकाश वर गेले.

विज्ञानाच्या पेपरबद्दल विद्याधरने विचारलं नाही. तो कोरा का ठेवला, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

गंधालीने दोन्ही कप उचलले. "गरम करून आणू?"

"आण," विद्याधर म्हणाला.

ती वर गेली, सावकाश, एकेक पायरी. थोड्या वेळाने कप घेऊन आली आणि पुन्हा खालच्या पायरीवर बसली. चहा उकळून आणला होता. तो निवायला आता बराच वेळ लागणार होता.